झिरो बघा

म्हटलं होतं की नव्हतं, एवढंच आक्काताईला आठवेना. बाकीचं सगळं लख्ख होतं. मंगळवार होता, अकराचा सुमार. पुलाकडून येणारं वारं तापायला लागलेलं, आणि डाव्या चपलेचा अंगठा सुटत आलेला, म्हणून ती पाय फरफटत मशीनपाशी गेली होती. पांढऱ्या गाडीची काच चार बोटं खाली आली, आतला गारवा तिच्या हनुवटीला लागला, आणि त्या फटीतून दोन बोटं बाहेर आली. एका बोटात पोवळ्याची अंगठी. दोन बोटं म्हणजे दोन हजारांचं पेट्रोल, हे पंपावर कुणी शिकवावं लागत नाही. आतला माणूस फोनवर बोलत होता. तिनं टाकीचं झाकण फिरवलं, नोझल आत सारलं. नोझल सारणं आणि खटका ओढणं यांच्यामधे एक श्वासाएवढी जागा असते. तिथं मीटरकडं हात करून ‘झिरो बघा’ म्हणायचं असतं, म्हणजे मीटर शून्यावरच आहे, मागच्या गाडीचा आकडा तुमच्या डोक्यावर नाही, याची गिऱ्हाइकानं डोळ्यांनी खात्री करून घ्यायची. नेमक्या त्या जागेवर तिची आठवण कोरी होती. ओल्या फडक्यानं पाटी पुसावी तशी.

नंतरचं पुन्हा सगळं आठवत होतं. नको इतकं. पेट्रोल भरून झालं, काच पूर्ण खाली आली, आणि आधी बाहेर आला तो तोंडासमोर धरलेला फोन. त्याच्यामागून आवाज. ‘झिरो दाखवला नाहीस तू.’ ती म्हणाली, ‘दाखवला की. म्हणलो मी.’ ‘काही म्हणाली नाहीस. मागच्या गाडीच्या आकड्यावरच चालू केलंस. बघा, अशी चोरी चालते बघा.’ हे शेवटचं तिला नव्हतं, फोनमधल्या लोकांना होतं. चोरी हा शब्द ऐकून केबिनमधून मालक धावत आला. उदयसिंह तसा तिच्या धाकट्या भावाच्या वयाचा. वडिलांच्या पश्चात पंप बघतो, दिवसातून तीनदा पित्ताची गोळी खातो. त्यानं पाच लिटरचं माप आणलं, सगळ्यांच्या देखत त्यात पेट्रोल सोडलं, ते रेघेला रेघ बरोबर आलं. पण गाडीवाला मापाकडं बघतच नव्हता, तो फोनमधून मापाकडं बघत होता. ‘माप बरोबर असेल,’ तो म्हणाला, ‘पण झिरो दाखवला नाही ना? प्रश्न तत्त्वाचा आहे.’ कोल्हापुरात तत्त्वाच्या प्रश्नावर माणूस आला की त्याचं पोट भरलेलं असतं आणि त्याला कुठं जायची घाई नसते, हे अकरा वर्षांच्या नोकरीत आक्काताईला कळलं होतं.

ठरलं ते असं. बुधवारी चार वाजता तो परत येणार, आणि आक्काताईनं त्याच्या कॅमेऱ्यासमोर म्हणायचं, की माझी चूक झाली, मी झिरो दाखवला नाही. नाहीतर तो कंपनीकडं तक्रार टाकणार. पंपावर या वर्षात दोन तक्रारी आधीच होत्या, एक हवेच्या पाइपाची आणि एक संडासाची. तिसरी उदयसिंहाला परवडणार नव्हती.

‘आक्का, एक वाक्य तर हाय,’ त्यानं तिला केबिनमधे बसवून सांगितलं. बसवून म्हणजे खुर्चीवर. अकरा वर्षांत ती त्या खुर्चीवर पहिल्यांदा बसत होती. ‘दिवसाला चारशे वेळा एक वाक्य म्हणताय, त्यात आणि एक.’

‘पर मी म्हणलो आसंन तर?’

‘मग म्हणलोय म्हणून छातीठोक सांगा.’

‘आणि म्हणलो नसंन तर?’

उदयसिंहानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. ‘तुमी वकील व्हायला पायजे हुता. पंपाच्या कॅमेऱ्यात बघितलं मी. तुमची पाठ दिसतीय आणि मधी खांब. आवाज तर येतच न्हाय त्यात. आता तुमीच काय ते ठरवा. पर उद्या चारला माफी मागितली न्हाईसा, तर परवापासनं तुमास्नी कामावर ठेवून मी कंपनीला काय सांगू?’

तो वाईट माणूस नव्हता. तो वाईट असता तर तिला बरं झालं असतं. वाईट माणसाला तोंडावर सांगता येतं. याला काय सांगणार, की बाबा, चूक झाली असेल तर मी तुझ्या त्या तत्त्ववाल्याच्या पाया पडते, पण झालीय का ते मला माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते मी कॅमेऱ्यासमोर कसं म्हणू? नाकारूही कशी? चारशे वेळा रोज म्हटलेली गोष्ट चारशेएकाव्या वेळेला म्हटली की नाही हे कुणाला सांगता येतं का? सकाळी दात घासले हे माणसाला आठवतं का, की ओला ब्रश बघून तो ठरवतो? तिच्याकडं ओला ब्रश नव्हता.

शेजारच्या मशीनवर तमन्ना होती, बाविशीची, गेल्या दिवाळीपासून कामाला लागलेली. तिला विचारलं, तर ती गळ्याला हात लावून म्हणाली, ‘आक्का, शपथ्थ, तुमी म्हणला. तुमचा आवाज तर शिरोलीच्या एमआयडीसीत ऐकू जातोय.’

‘तू ऐकलंस त्यावेळेला?’

‘ऐकलं म्हंजी... रोज ऐकतोच की वो.’

हे असं. रोज ऐकतेच. म्हणजे आज ऐकलं नाही. आक्काताईला वाटलं, आपण रोज म्हणतो म्हणून आपलं म्हणणं कुणाच्या कानापर्यंत पोचतच नाही. अगदी आपल्याही. मशीनच्या खांबाला ते डबडं टांगलेलं होतं. पैसे स्कॅन केले की बोलणारं. ‘तीनशे रुपये प्राप्त झाले.’ दिवसभर एकाच सुरात बोलतं, त्याला ना तहान ना चपलेचा अंगठा. पण त्या डबड्याला अजून एकाही मायच्या पुतानं म्हटलेलं नाही, की तू बोललाच नाहीस. उलट गिऱ्हाईक त्याचं बोलणं होईपर्यंत मान तिरकी करून थांबतं. तिच्या बोलण्यासाठी आजवर कुणी मान तिरकी केलेली नव्हती.

आक्काताई हे तिचं पाळण्यातलं नाव. आधीच्या दोन्ही मुलीच, म्हणून आजोबा चिडून म्हणाले होते की आता हिला आक्काच म्हणा, तिसरी असली तरी ही सगळ्यांची थोरली. त्यामुळं तिच्याहून वयानं मोठी माणसंही तिला आक्का म्हणत. नावातच मान शिवलेला, तो कुणाला उसवता येत नाही, असं तिला लहानपणी वाटायचं. पंपावर आली आणि कळलं, की मान उसवायला नाव लागतच नाही. ए बाई. ए निळी, गणवेशावरून. ओ पंप. एक जण तर नुसता शिटी वाजवायचा. कुणी टाकीच्या झाकणावर टकटक करायचा, जणू ती आतच राहते. नोटा हातात न देता मशीनवर टाकणारे होते, त्या वाऱ्यानं उडाल्या की तिनं धावायचं. फोनवर बोलता बोलता तिलाच ‘शूऽ’ म्हणणारे होते. आणि बायका काही कमी नव्हत्या. तोंडाला ओढणी गुंडाळलेल्या, डोळ्यांनी फक्त घाई करणाऱ्या. या सगळ्यांना ती म्हणायची, झिरो बघा. निम्मे बघायचेच नाहीत. बघणाऱ्यांतले निम्मे असं बघायचे, की चोर आता रंगेहाथ सापडणार. त्या दोन शब्दांचं तिला कधी कधी नवल वाटायचं. दिसायला रीतभात, आत नुसता संशय. ‘या, बसा’ म्हणताना कुणी ‘आमच्या घरात विष घालत नाही हां’ असं म्हणतं का? पण पंपावर हेच पहिलं बोलणं. मी चोर नाही, हे दिवसातून चारशे वेळा आपल्याच तोंडानं सांगायचं, आणि समोरच्यानं तिकडं बघायचंसुद्धा नाही.

दोन वर्षांपूर्वी कंपनीतर्फे पुण्याचा एक साहेब शिकवायला आला होता. हसा, नमस्कार करा, किती रुपयांचं विचारा, झिरो दाखवा, धन्यवाद पुन्हा या. पाच गोष्टी, पाच बोटं. बनाबाई तेव्हा कामावर होती, ती म्हणाली, ‘साहेब, ऊन डोळ्यात जातंय, हसलो तर रडल्यागत दिसतंय, चालंल?’ साहेब म्हणाला, चालेल. दुसऱ्या दिवशी आक्काताईनं एका बुलेटवाल्याला ‘धन्यवाद, पुन्हा या’ म्हटलं, तर तो म्हणाला, ‘येतोच की. गाडी काय उसाच्या रसावर चालतीया?’ त्या दिवसापासून बाकीची चार बोटं मिटली. झिरो तेवढा राहिला. आणि राहिला तो असा, की घरी आमटी वाढताना पळी वाटीवर धरून ती म्हणून गेली, ‘झिरो बघा’. आणि ज्ञानू, तिचा नवरा, वाटीत वाकून म्हणाला, ‘बघितला. पाच लिटर घाल.’ तेव्हा त्याला थोडं ऐकू यायचं.

सव्वीस वर्षं शिरोलीच्या फाउंड्रीत ग्राइंडिंगवर काढली त्यानं, आणि कान तिथंच सोडून आला. घरात मग सगळंच चढ्या आवाजात सुरू झालं. मीठ दे, पंखा लाव, तुझं डोस्कं दुखतंय काय, सगळं ओरडून. शेजाऱ्यांना वाटायचं, यांचं रोज वाजतं. खरं तर लग्न झाल्यापासून ते दोघं इतक्या गोडीनं कधी बोलले नव्हते, फक्त गोड बोलणंही ओरडून करावं लागत होतं. तो आवाज तिच्या गळ्यात बसला तो बसलाच. पंपावर म्हणूनच तिला उद्धट समजायचे. ‘एवढं खेकसायला काय झालं?’ तिला सांगावंसं वाटायचं, की बाबा, मी खेकसत नाही, माझा नवरा बहिरा आहे. पण टाकीचं झाकण लावेपर्यंत एवढं सगळं कुठं सांगणार? म्हणजे बघा, तिच्या मनात पुन्हा पुन्हा हेच यायचं, असा माझा आवाज. आणि मी म्हटलं असतं, तर त्या माणसाला ऐकू आलं नसतं का? मग म्हटलंच नसेल. लगेच दुसरं मन, काच चार बोटंच खाली होती, कानाला फोन होता, ऐकू येईल कसं? मग म्हटलंच असेल. दोन्ही मनं तिचीच, आणि दोन्ही खेकसणारी.

त्याच मंगळवारी संध्याकाळी तिला राजारामपुरीत ज्ञानूचं कानाचं मशीन आणायचं होतं. महिन्यापूर्वी माप दिलेलं, आजची तारीख मिळालेली. दुकानात एक मुलगी होती, पांढरा कोट, छातीवर नाव, अनुजा. तिनं डबी उघडली, बोटाच्या पेराएवढी दोन मशीनं तळहातावर घेतली आणि सांगायला लागली. आक्काताई पुढं वाकून बसली होती, मान हलवत होती. पण तेवढ्यात पिशवीतला फोन थरथरला. मलकापुरातून तिच्या धाकट्या बहिणीनं पंपावरचा व्हिडिओ पाठवला होता, गावोगाव फिरत आलेला. तोच. खाली लिहिलेलं, ‘आक्का पेट्रोल भरताना ध्यान ठेव ग. कोल्हापुरात लई लुटाया लागल्यात.’ सख्खी बहीण. व्हिडिओत एक हात होता, नोझल धरलेला, निळी बाही, हिरव्या बांगड्या, मनगटावर तव्याचा चटका. चेहरा नव्हताच. त्यानं चेहरा घ्यायची तसदीच घेतली नव्हती. ज्या हातच्या भाकरी खाऊन बहीण वाढली, तो हात तिला ओळखू आला नाही. आक्काताईनं व्हिडिओ पुन्हा लावला, आवाज बंद करून, काउंटरच्या खाली धरून. कुठं तरी आधीचं काही असेल, तोंड हललेलं असेल. मुलगी म्हणाली, ‘काकू, ऐकताय न्हवं?’ आक्काताई म्हणाली, ‘व्हय व्हय, सांग की.’ मुलीनं सांगितलं. डबी मिटली, पिशवीत घातली, ‘काही अडलं तर फोन करा’ म्हणाली. आक्काताई केएमटीच्या बसमधे बसली तेव्हा तिला त्या मुलीच्या कोटाचं एक तुटलेलं बटण आठवत होतं, बाकी काही नाही.

घरी ज्ञानू दाढी करून बसला होता. मशीन घालायचं म्हणून. तिनं एक मशीन त्याच्या कानात सारलं, तर ते शिट्टी मारायला लागलं. बारीक, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येते तशी. काढलं, पुसलं, दुसऱ्या कानात घातलं. तरी शिट्टी. ज्ञानू डोळे मोठे करून म्हणाला, ‘आयला, गाडी आली काय?’ त्याला चेष्टा सुचत होती. तिला काही सुचत नव्हतं. कुठलं डाव्याचं, कुठलं उजव्याचं, आवाज कुठं कमी करायचा, बॅटरीचं दार कुठल्या बाजूला उघडतं, काही म्हणजे काही. ती वैतागून ओरडली, ‘त्या पोरीनं काय सांगितलंच न्हाय बघ! नुसती डबी हातात कोंबली!’

आणि म्हणताक्षणी तिला ते वाक्य ऐकू आलं. आपल्या आवाजात नाही, गाडीच्या काचेतून आल्यासारखं. काही म्हणाली नाहीस तू. ती पलंगाच्या कडेला बसली. मशीन तिच्या मुठीत शिट्टी मारत होतं. ज्ञानू तिच्याकडं बघत म्हणाला, ‘काय झालं?’ तिनं हातानंच ‘काही नाही’ केलं. असल्या गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत. तिला त्या माणसाची दया वगैरे आली, असं कुणी समजू नये. उलट तिला जास्तच राग आला. आतापर्यंत निदान तो खोटारडा तरी होता. आता तेवढाही आधार राहिला नाही. तो खरंच छातीवर हात ठेवून सांगू शकत होता, की मी काही ऐकलं नाही. जसं तिनं आत्ता सांगितलं होतं, मनापासून, त्या तुटक्या बटणाच्या मुलीबद्दल. आणि त्या मुलीनं तर दहा मिनिटं सांगितलं होतं.

बुधवारी सकाळी पंपावर जायच्या आधी तिनं दुकानात फोन लावला. ‘पोरी, कालच्याला मी मशीन न्हेलं बघ, नवऱ्याचं. तू समदं सांगितलंस, माझंच ध्यान नव्हतं. परत एकदा सांगतीस?’ पलीकडून आलं, ‘कोण काकू बोलताय? काल सहा-सात जण आलते हो.’ आक्काताईनं नाव सांगितलं, ज्ञानूचं नाव सांगितलं. ‘बरं बरं,’ मुलगी म्हणाली, तिला काही आठवलेलं नव्हतं हे स्पष्टच होतं, आणि सांगायला लागली. लाल ठिपका उजव्या कानाला. निळा डाव्याला. शिट्टी वाजली म्हणजे नीट बसलं नाही, कान मागं ओढून बसवायचं. झोपताना बॅटरीचं दार उघडं. ती थांबत नव्हती, चुकत नव्हती, स्वर एकच. आक्काताईला तो स्वर ओळखू आला. डोळे मिटून, शब्दाशब्दाला तिनं मान तिरकी केली. मग म्हणाली, ‘लई चांगलं सांगितलंस.’ मुलगी गडबडली. ‘अं? हां. थँक्यू काकू.’

पण त्यानं काही चार वाजायचे थांबणार नव्हते. दिवसभर ती पांढऱ्या गाड्या मोजत होती. कोल्हापुरात एवढ्या पांढऱ्या गाड्या आहेत हे तिला त्या दिवशी कळलं. प्रत्येकाला ती ‘झिरो बघा’ म्हणायची आणि मनात लगेच दुसऱ्यांदा म्हणायची, म्हटलं बरं का, म्हटलं. मधल्या वेळेत ती भाषण तयार करत होती. ‘सायेब, मी अकरा वर्सं हितं हाय.’ छे, हे रडकं झालं. ‘सायेब, तुमच्या घरात बायकामाणसं न्हाईत काय?’ हे सिनेमातलं. समोर तिनं त्या माणसाला उभं केलं होतं, जाड मिशी, तांबूस डोळे, ओठाच्या कोपऱ्यात पान. कालपासून ती याच चेहऱ्याशी भांडत होती. तमन्ना दुपारी डबा खाताना म्हणाली, ‘आक्का, म्हणून टाका की सॉरी. सॉरीला काय वजन हाय? माझं तर दिसाला धा जात्यात.’ आणि आक्काताई म्हणाली, ‘तुझं जात्यात म्हणून तर माझं कुणी मोजंना.’ म्हणाली आणि तिला वाईट वाटलं, कारण पोरगी खरंच तिच्या काळजीनं बोलत होती. तिनं तमन्नाच्या डब्यात आपला खर्डा वाढला. झिरो बघा म्हणाली नाही.

पावणेचारला हवेच्या पाइपापाशी एक स्कूटर लागली. माणूस चाळिशीचा, बारका, हेल्मेट काढल्यावर केस कपाळाला चिकटलेले. उन्हातून आलेला. केबिनच्या भिंतीला माठ होता, त्याच्याकडं बघत तो तिच्यापाशी आला आणि म्हणाला, ‘मावशी, जरा पाणी मिळंल का?’

मिळंल का. काल-आजमधे तिला कुणी असं विचारलेलं नव्हतं. तिनं पेला विसळला, भरून दिला. तो उभ्यानं गटागटा प्यायला. ‘आणि घ्या,’ ती म्हणाली. ‘नको, बास. थँक्यू हं मावशी.’ हे म्हणताना तो तिच्याकडं बघून हसलाही, थोडंसं, पुण्याच्या साहेबाचं पहिलं बोट असावं तेवढं. तिला वाटलं, कुणाचा का असेना, बरा माणूस आहे. आणि पेल्याभोवती त्याची बोटं होती, त्यातल्या एका बोटात पोवळ्याची अंगठी होती.

मिशी नव्हती. पान नव्हतं. कालपासून ती ज्याच्याशी भांडत होती तो माणूस जगात नव्हताच. हा होता. याला तिनं कधी पाहिलंच नव्हतं. बोटं पाहिली होती.

‘मावशी,’ तो केबिनकडं बघत म्हणाला, ‘ती आक्काताई म्हणून बाई आहे, ती आज आलीय का?’ तिच्या छातीवर बिल्ला होता, बिल्ल्यावर हेच नाव होतं. तो बिल्ल्याच्या आरपार बघत होता.

‘काय काम हाय?’

‘काम कसलं. काल तिनं झिरो न दाखवता पेट्रोल सोडलं. आज कॅमेऱ्यासमोर माफी मागणार आहे. सोडायचं नसतं असल्यांना. तुमच्यासारख्या चांगल्या माणसांचं नाव खराब होतं उगीच.’

आता बोलायचं होतं. आज ती रजेवर आहे, असं म्हटलं असतं तरी हा ‘बरं मावशी’ म्हणून गेला असता. निदान आजचा दिवस. किंवा केबिनकडं बोट दाखवून ती पाणी भरायला पलीकडं गेली असती. आणि तिला हसू की रडू येत होतं, कारण याच्या तोंडातून मावशी हा शब्द इतका सहज निघत होता, की तो खराब करायला जिवावर येत होतं. चांगली माणसं. चांगली माणसं म्हणे. काल फोन बाजूला करून बघितलं असतं तर तेव्हाही चांगलीच होते मी.

‘पेला द्या हिकडं,’ ती म्हणाली. पेला घेतला. ‘मीच ती.’

तो हसला. ‘चेष्टा करू नका, मावशी. ती वेगळी होती. आवाज चढवून बोलत होती.’

‘तुमचा व्हिडू काढा,’ आक्काताई म्हणाली. ‘काढा की.’

त्यानं फोन काढला. व्हिडिओ लावला. तिनं पेला माठावर पालथा घातला आणि आपला उजवा हात त्याच्या फोनशेजारी धरला. हिरव्या बांगड्या, हिरव्या बांगड्या. चटका, चटका. फोनमधला हात नोझल धरून होता, बाहेरचा रिकामा होता, एवढाच फरक. तो एकदा या हाताकडं, एकदा त्या हाताकडं बघत राहिला, मग बिल्ल्याकडं, मग पहिल्यांदाच वर, टोपीखाली. कान लाल झाले होते त्याचे.

तेवढ्यात उदयसिंह केबिनमधून आला. ‘आलासा व्हय सायेब? बसा की. आक्का, म्हणा म्हणा, एकदाचं मोकळं व्हा.’ त्या माणसानं सवयीनं फोन वर धरला. त्यात आता तिचा चेहरा होता.

कालपासून तयार केलेलं एकही वाक्य तिला आठवलं नाही. ‘मला आठवत न्हाय,’ ती म्हणाली. आवाज चढलाच, त्याला इलाज नव्हता. ‘देवाशप्पत न्हाय. म्हणलो आसंन तर तुमी ऐकलं न्हाईसा. म्हणलो नसंन तर मी चुकलो, आणि त्याची माफी मी आत्ता मागतो, कॅमेरा नसंल तरी मागतो. पर ह्यातलं कुठलं झालं, ते मला म्हाईत न्हाय. तुमास्नी म्हाईत हाय काय? आसंल तर सांगा. तुमी सांगशीला तसं मी बोलतो.’

उदयसिंहानं डोळे मिटून घेतले. तमन्ना नोझल हातात धरून थांबली होती. तो माणूस फोन धरून उभा होता, आणि फोन काही उत्तर देईना. मग तो म्हणाला, फार हळू, ज्ञानूला जन्मात ऐकू आलं नसतं इतकं हळू, ‘मी फोनवर होतो.’

एवढंच. आणि फोन खाली आला.

मशीनपाशी भोंगा वाजला. दोन्ही बाजूंना किटल्या लटकावलेला एक गवळी मोटारसायकलवर बसूनच हात हलवत होता. उदयसिंह घसा खाकरून म्हणाला, ‘आक्का, गिऱ्हाईक थांबलंय. जावा.’ आणि उद्यापासनं तिला ठेवायचं की नाही, ते न सांगताच तो गोळी शोधायला केबिनमधे गेला.

ती पाय फरफटत गेली. झाकण, नोझल, आणि मग ती श्वासाएवढी जागा. ती तिथं थांबली. मीटरकडं हात केला आणि सावकाश, स्वतःला ऐकू येईल असं म्हणाली, ‘झिरो बघा.’

गवळी किटलीची दोरी आवळत होता.

‘अवो पावणं, झिरो बघा म्हणतोय मी!’

‘बघितला की वो आक्का!’ तो दोरीकडंच बघत म्हणाला.

तिनं कपाळावर हात मारला आणि खटका ओढला. आकडे पळायला लागले. सहज मागं वळून बघितलं, तर पोवळ्याच्या अंगठीवाला अजून माठापाशीच उभा होता. हेल्मेट काखेत, मान तिरकी, एकटक मीटरकडं बघत. आता आकडे पळायला लागल्यावर बघून काय उपयोग, असं त्याला मोठ्यानं सांगावं, असं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. ती म्हणाली नाही. आणि हे मात्र तिला नंतरही पक्कं आठवत राहिलं, की आपण म्हटलं नव्हतं.